वारा शिकवणारी रेंज

वाचकाचं पत्र (थोडक्यात, ओळख पटेल असे तपशील काढून) : आम्ही सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहतो. माझी मुलगी अकरावीत आहे, वय १६. अडीच वर्षं १० मीटर एअर रायफल मारते. गावातल्या क्लबची नेमबाजीची रेंज बंदिस्त आहे, एका मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर. तिचा स्कोअर आता ६१० च्या आसपास येतो. तिचे सर म्हणतात की पोरीला ५० मीटरवर न्यायची वेळ आली, पण आमच्याकडे उघडी रेंज नाही. कोल्हापूर बसने दोन तासांवर, पुणे पाच तासांवर. एक विचार असा, की बारावी बाहेरून करून तिला पुण्यात ठेवावी. दुसरा माझ्या धाकट्या भावाचा. त्याची द्राक्षबाग आहे, मागे टेकडी आहे. तो म्हणतो, ‘दादा, पन्नास मीटर म्हणजे किती? टेकडीला टार्गेट लावू, माझ्याकडे परवान्याची बंदूक आहेच.’ बायको दोन्हीला नाही म्हणते. महाराष्ट्रात रायफलसाठी उत्तम उघडी रेंज कोणती आणि तिथे पोचायचं कसं, एवढं सांगा. उशीर झाला तर मुलगी मागे पडेल अशी धास्ती वाटते.

नमस्कार,

आधी भावाचं सांगते, कारण ते थांबवायची घाई आहे. बाकीचं सावकाश बोलू.

टेकडीला टार्गेट लावू नका. एकदाही नाही, गंमत म्हणूनही नाही. ५० मीटरला जी पॉइंट टू-टू (.२२ बोअरची) रायफल वापरतात तिची गोळी दिसायला शेंगदाण्याएवढी असते, पण नळी वर राहिली तर दीड किलोमीटरच्या पलीकडे जाते. ५० मीटर हे टार्गेटचं अंतर आहे, गोळी थांबण्याचं नव्हे. रेंजवर गोळी थांबवायला टार्गेटमागे मातीचा उंच बांध असतो, वर आडव्या भिंती असतात, बाजूंना भिंती असतात. तुमच्या भागातली टेकडी म्हणजे वरवर माती आणि आत दगड. दगडाला लागलेली गोळी कुठे उडेल ते कुणी सांगू शकत नाही. बागेत छाटणीला बायका असतात, टेकडीच्या पलीकडे मेंढरं चरत असतात. यापुढे मला काही लिहायची गरज वाटत नाही.

कायद्याचंही ऐका. बंदुकीच्या परवान्यावर ती कशासाठी दिली आहे ते लिहिलेलं असतं. पीकसंरक्षणासाठी घेतलेली बंदूक पुतणीच्या सरावाला वापरली तर परवाना जाईल, वर गुन्हाही दाखल होऊ शकतो. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पॉइंट टू-टू रायफलीचा परवाना टार्गेट प्रॅक्टिससाठी द्यायचा तो मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या किंवा असोसिएशनच्या सदस्याला, असं स्पष्ट लिहिलेलं आहे. म्हणजे क्लब हा या खेळात चैनीचा भाग नाही, दरवाजाच तो आहे. शस्त्र बाळगण्याची सर्वसाधारण वयोमर्यादा २१ वर्षं. त्याखालच्या मुलांना प्रशिक्षणासाठी, देखरेखीखाली शस्त्र हाताळता येतं, तेही क्लबच्याच चौकटीत. शिवाय भावाची बंदूक बारा बोअरची असणार. तिची नळी आतून गुळगुळीत. रायफलीच्या नळीला आत पीळ असतो, म्हणून तर ती रायफल. त्या बंदुकीने शंभर गोळ्या मारल्या तरी तुमच्या लेकीला खांद्याला काळंनिळं होण्यापलीकडे काही मिळणार नाही.

भावावर रागावू नका मात्र. त्याच्या बागेचा उपयोग आहे, आणि तो कसा ते पुढे सांगते.

आता तुमचा मूळ प्रश्न. तुमच्या पत्रात ‘उत्तम रेंज’ हे शब्द येतात आणि त्यामागे एक चित्र आहे, असं मला वाटतं. ते बहुतेक १ ऑगस्ट २०२४ चं असावं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे त्या दिवशी ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं कांस्य जिंकला. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या पदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूचं हे पहिलंच वैयक्तिक पदक. त्यानंतर कोल्हापूर-सांगली पट्ट्यातल्या कितीतरी घरांत अशा बैठका झाल्या, मला पत्रं येतात. मुलगा पुण्याच्या बालेवाडीत गेला आणि पदक घेऊन आला, अशी ती गोष्ट सांगितली जाते. पण २००९ मध्ये तो राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत दाखल झाला आणि पदक आलं २०२४ मध्ये. मधली पंधरा वर्षं गोष्टीतून गळतात. त्या ऑलिंपिकच्या पात्रता फेरीत त्याने ६०० पैकी ५९० मारले आणि तो सातवा आला. आठ जण पुढे जाणार होते. साठ शॉटमध्ये एकूण दहाच गुण गेले आणि तरी काठावर. या खेळात दोन-चार महिन्यांनी ‘मागे पडणं’ म्हणजे काय, हे त्यावरून जोखा. अकरावीतल्या मुलीला उशीर झालेला नाही.

तरी सरांचं म्हणणं मी चुकीचं म्हणत नाही. एअर रायफलचे गुण दशांशात मोजतात, एका शॉटला जास्तीत जास्त १०.९, म्हणून साठ शॉटचे ६१० म्हणजे शॉटमागे सरासरी १०.१ च्या थोडं वर. या टप्प्यावर ५० मीटरची ओळख करून घेणं बरोबर आहे. फक्त ओळख करून घेणं आणि तिथे राहायला जाणं यात फरक आहे. १० मीटर सोडायचं नाही. आपल्याकडचे कितीतरी चांगले रायफल नेमबाज दोन्ही मारतात, आणि उभ्याची, म्हणजे स्टँडिंगची, सगळी घडण एअर रायफलवरच होते.

मग ५० मीटरला नवीन काय असतं? नीलिंग (गुडघ्यावर बसून), प्रोन (पालथं पडून), स्टँडिंग या तीन पोझिशन, प्रत्येकी २० शॉट, सगळं दीड तासात. आवाज, धक्का, वासही. पण खरा नवा भिडू म्हणजे वारा.

इथे जरा थांबते, कारण उघड्या रेंजचं सगळं मर्म यातच आहे. ५० मीटरच्या टार्गेटवरचं दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं, शर्टाच्या गुंडीएवढं. गोळीला तिथे पोचायला सेकंदाचा जेमतेम सहावा हिस्सा लागतो. एवढ्यात वारा काय करणार असं वाटतं. पण उदबत्तीचा धूर कलावा एवढीच झुळूक, सेकंदाला एक मीटरची, आडवी असेल तर गोळी साधारण ७-८ मिलिमीटर सरकवते. म्हणजे अगदी मधोमध धरलेला, निर्दोष सुटलेला शॉट दहाच्या कडेला जाऊन टेकतो. झुळूक दुप्पट झाली की नऊ. अंगाला तो वारा नीट जाणवतही नाही! शिवाय नळीतल्या पिळामुळे गोळी फिरत असते, म्हणून ती नुसती आडवी सरकत नाही. उजवीकडून वारा आला की डावीकडे आणि किंचित वर, घड्याळात दहा वाजतात तिकडे. डावीकडून आला की उजवीकडे खाली, चारच्या दिशेला. पुस्तकात हे एका ओळीत येतं. हाताला यायला दोन-तीन वर्षं जातात.

मी स्वतः एनसीसीतून आले. तिथली पॉइंट टू-टू २५ यार्डांवर. पुढे पहिल्यांदा ५० मीटरच्या उघड्या रेंजवर पडले, तेव्हा सकाळी सातला सगळे शॉट मधे. मी खूश. साडेदहाला, नेमाची साइट तशीच असताना, ग्रुप (गोळ्यांचा झुबका) चारच्या बाजूला निघाला. मला वाटलं माझा खांदा सुटतोय, म्हणून मी खांदा आवळला, मग गाल, मग श्वास. तासाभरात चांगली असलेली पोझिशन मी स्वतःच मोडून ठेवली. शेजारच्या लेनवरच्या एका वयस्कर फौजी गृहस्थांनी शेवटी न राहवून पुढच्या झेंडीकडे बोट दाखवलं. ती कापडाची पट्टी केव्हाची उजवीकडे पडलेली होती आणि मी एकदाही तिच्याकडे पाहिलं नव्हतं.

त्यामुळे ‘उत्तम रेंज कोणती’ याचं माझं उत्तर तुम्हाला विचित्र वाटेल. अजिबात वारा नसलेली रेंज नवशिक्याला सुखाची असते आणि पुढे महागात पडते. चारी बाजूंनी उंच भिंती उभारून वारा अडवलेल्या रेंजवर मुलं ढीगभर दहा मारतात आणि बाहेरगावच्या मॅचला गेली की गोंधळतात. उलट भणाण वाऱ्याच्या माळावर कशाचंच बरोबर-चूक कळत नाही. सकाळी शांत आणि दुपारी हलता, असा वारा जिथे मिळतो ती शिकायची जागा.

नावं विचारलीत म्हणून सांगते. पुण्याला म्हाळुंगे-बालेवाडीचं शिवछत्रपती क्रीडा संकुल, मुंबईला वरळीची महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज, कोल्हापुरात दुधाळी. राज्यातला कुठलाही जुना नेमबाज हीच नावं घेईल. तेजस्विनी सावंत कोल्हापूरची. २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये ६०० पैकी ५९७ मारून ती जगज्जेती झाली. तेव्हा दोन तासांवरच्या गावाला कमी लेखू नका. फक्त नाव ऐकून गाडीत बसू नका. आपल्याकडे रेंज बांधलेली असणं आणि चालू असणं या दोन गोष्टी आहेत. कुठे १० मीटर चालू असतं आणि ५० मीटरला गवत वाढलेलं असतं, कुठे टार्गेटचं मशीन आहे पण दुरुस्तीला माणूस नाही, कुठे सगळं आहे पण बाहेरच्या जिल्ह्यातल्यांना आठवड्यातून दोनच सकाळी. फोनवर ‘आहे, आहे’ म्हणतात. जाऊन बघा.

जायचं कधी? डिसेंबरात सगळ्या रेंज छान दिसतात. जुलैत जा. उघड्या रेंजची परीक्षा पाऊस घेतो. फायरिंग पॉइंटवरच्या पत्र्यातून मॅटवर गळतंय का, टार्गेटच्या टोकाला, ज्याला आपण बट म्हणतो, तिथे चिखलातून जावं लागतं का, चार महिने रेंज चक्क बंद ठेवतात का, हे तेव्हाच कळतं. आणि दुसरी खेप मार्च-एप्रिलमध्ये दुपारी दोनला. तेव्हा ऊन, तापलेल्या जमिनीवरून लहरणारी हवा आणि वारा तिन्ही एकत्र भेटतील. रेंजचं तोंड कुठे आहे तेही पाहा. आंतरराष्ट्रीय नियमांत अशी अपेक्षा असते की स्पर्धेच्या दिवसाचा बहुतेक वेळ सूर्य नेमबाजाच्या पाठीशी असावा. आपल्याकडे त्याचा अर्थ उत्तरेकडे तोंड. (मे ते जुलै तुमच्या भागात भर दुपारचा सूर्य डोक्याच्याही उत्तरेला सरकतो, पण तेव्हा तो इतका माथ्यावर असतो की फारसं बिघडत नाही. माझ्यासारख्या खवचट माणसानेच हे मोजावं.) पश्चिमेकडे तोंड असलेल्या रेंजवर संध्याकाळचा सराव म्हणजे डोळ्यांना शिक्षा.

गेल्यावर इलेक्ट्रॉनिक टार्गेटकडे आधी पाहू नका. सगळे पालक तेच पाहतात. ते असेल तर सोय आहे, वेळ वाचतो, पण कागदी टार्गेटवर शिकलेली मुलं काही कमी नसतात. तासभर मागे खुर्चीवर बसा आणि माणसं पाहा. कुणी टार्गेट बदलायला पुढे गेलं की बाकीच्या सगळ्यांचे हात रायफलीवरून निघतात का? रायफलीच्या चेंबरमध्ये केशरी दोरीची सेफ्टी फ्लॅग दिसते का, की ‘रिकामीच आहे’ असं तोंडी चालतं? ‘स्टॉप’ म्हटल्यावर खरंच सगळे थांबतात का, आणि तो ‘स्टॉप’ म्हणणारा एक ठरलेला माणूस आहे का? कानाला संरक्षण सगळ्यांच्या आहे का? पॉइंट टू-टूचा आवाज लहान वाटतो, कानाला तो लहान नसतो. फायरिंग लाइनवर बसून कुणी डबा खात असेल तर ती रेंज कशी चालते ते तुम्हाला कळलं. गोळीत शिसं असतं, त्याची धूळ हाताला लागते. चांगल्या ठिकाणी हात धुतल्याशिवाय कुणी खाऊ देत नाही.

मग कोचकडे पाहा. तो टार्गेटकडे बघत बसतो की मुलीकडे? शॉट सुटताना ज्याची नजर नेमबाजाच्या खांद्यावर, बोटावर, डोळ्यावर असते, तो शिकवणारा. स्क्रीनवरचा आकडा वाचून ‘खाली गेला, लक्ष दे’ म्हणणारा कुणीही असू शकतो, तुम्हीसुद्धा.

तुमच्या पत्नीला बरोबर न्या. स्वच्छतागृह कसं आहे, जॅकेट-ट्राउझर चढवायला मुलींना बंद खोली आहे का, हे त्या दोन मिनिटांत पाहतील आणि तुम्ही तासभर विसराल. नेमबाजीची ती जाड ट्राउझर घालून दीड तास पडायचं, गुडघ्यावर बसायचं, उभं राहायचं. नीट जागा नसेल तर मुली सकाळपासून पाणी पीत नाहीत. मी हे फार पाहिलंय. पाणी न प्यायलेल्या मुलीचा शेवटच्या दहा शॉटमध्ये होल्ड (धरलेला नेम) का हलतो यावर मग कोच तासभर व्याख्यान देतो.

विचारायच्या गोष्टी थोड्याच. ज्युनिअरसाठी क्लबची रायफल आहे का, आणि ती किती जणांत मिळून? तिचा बट-प्लेट (खांद्याला टेकणारा भाग), चीकपीस (गाल टेकायचा भाग) मुलीच्या मापाला लावता येतो का? राउंड (काडतुसं) कोण देतं, कसे मोजून देतं, उरलेल्यांचा हिशोब कसा ठेवतं? हिशोबाच्या वहीबद्दल विचारल्यावर जो चिडतो त्याच्याकडे मुलगी पाठवू नका. मॅचचे राउंड बहुतेक परदेशी असतात आणि प्रत्येक लॉट (एका वेळी बनलेला साठा) प्रत्येक नळीला मानवतोच असं नाही, म्हणून हातात आलेल्या चांगल्या लॉटचे राउंड मॅचसाठी राखून ठेवण्याची सवय त्या क्लबात आहे का, तेही कळून घ्या. रायफल विकत घेण्याचा विषय तूर्त काढूच नका. दुकानदार काढेल, सरही काढतील. वर्षभर क्लबच्या रायफलवर प्रोन मारल्याशिवाय तिला कुठल्या मापाचं काय हवं ते तिलाच कळणार नाही.

आता पुण्याला ठेवण्याचं. मी सरळ विरोध करत नाही, पण आत्ता नको म्हणेन. त्यामागे एक समजूत आहे की ५० मीटर शिकायला रोज ५० मीटरवर जावं लागतं. तसं नसतं. रोज रेंजवर राहणारी मुलंही रोज गोळ्या मारत नाहीत. पोझिशन बसवणं, स्लिंगचं (रायफल हाताला धरून ठेवणाऱ्या पट्ट्याचं) माप ठरवणं, पायाच्या घोट्याखालच्या नीलिंग रोलवर न हलता दहा मिनिटं बसणं, रिकाम्या रायफलवर ट्रिगर दाबायचा सराव, हे सगळं चटईवर होतं. ५० मीटरच्या रेंजवर जायचं ते घरी बसवलेलं तपासायला आणि वारा वाचायला.

म्हणून माझा सल्ला असा. पहिले सहा महिने पंधरवड्यातून एकदा, शनिवार-रविवार, कोल्हापूर किंवा जिथे तुमची खात्री पटेल तिथे. शनिवारी दुपारी आणि रविवारी सकाळी, म्हणजे हलता आणि शांत दोन्ही वारे मिळतील. फक्त प्रोन. पेटीत ५० राउंड असतात, एका सत्राला एक पेटी पुरते. जास्त मारले की फक्त खोके रिकामे होतात. प्रोनचा ग्रुप बसला की नीलिंग. स्टँडिंग सगळ्यात शेवटी, कारण ती पोझिशन मुलगी रोज एअर रायफलवर करतेच आहे. दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत सलग दहा-पंधरा दिवसांचं शिबिर मिळालं तर पुणे. बारावीची परीक्षा कॉलेजातूनच देऊ दे. नंतर कॉलेज निवडताना पुणे किंवा मुंबई हा विचार आपोआप समोर येईल, आणि तेव्हा तिच्या हातात एक वर्षाचा ५० मीटरचा स्कोअर असेल. क्रीडा प्रबोधिनी आणि शासनाच्या इतर योजनांची वयोमर्यादा आणि चाचण्यांच्या तारखा जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचारा. ऐकीव माहितीवर विसंबू नका.

स्पर्धांची वाट ठरलेली आहे : राज्याची कॅप्टन एझेकील स्पर्धा, मग मावळंकर, मग राष्ट्रीय. प्रत्येक पायरीला किमान स्कोअर लागतो. (मावळंकर म्हणजे लोकसभेचे पहिले सभापती, आपले गणेश वासुदेव मावळंकर. १९५१ मध्ये राष्ट्रीय रायफल असोसिएशन स्थापन झाली तेव्हा तेच पहिले अध्यक्ष. ‘मावळंकर मारून आलो’ म्हणणाऱ्या निम्म्या पोरांना हे ठाऊक नसतं.) पहिल्या वर्षी कॅप्टन एझेकीलला ५० मीटरसाठी नाव घालाच, स्कोअर कसाही येवो. मॅचमधला वारा सरावातल्यापेक्षा वेगळा वाटतो, वारा तोच असला तरी.

आणि भावाच्या बागेचं. त्याच्याकडे बेदाण्याचं किंवा अवजारांचं गोडाऊन असेलच. १२-१३ मीटर लांबीचं असेल तर तिथे एअर रायफलची एक लेन होते. मागे पक्की भिंत, पेलेट (एअर रायफलचे छर्रे) अडवणारा लोखंडी ट्रॅप, जमिनीपासून १.४ मीटरवर टार्गेटचं केंद्र, दार आतून बंद आणि कुणी मोठं माणूस कायम हजर. साध्या स्पर्धेच्या ४.५ मिलिमीटर एअर रायफलला, २० ज्यूलच्या आतल्या, २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवाना लागत नाही. क्लबच्या सरांना एकदा जागा दाखवून घ्या. टार्गेट खाली लावलं की त्याच लेनवर नीलिंग आणि प्रोनही करता येईल. मंगल कार्यालयात लग्नसराईत रेंज बंद असते ना? मग हा महिना-दीड महिना तिचा वाया जाणार नाही. पुतणीसाठी काही करायचंय त्याला, तर हे करू दे.

याहून मोलाची गोष्ट बागेबाहेर आहे. वारा वाचायला बंदूक लागत नाही. उघड्या रेंजवर ५० मीटरसाठी १० आणि ३० मीटरवर वाऱ्याच्या झेंड्या असतात. ५ सेंटिमीटर रुंद, ४० सेंटिमीटर लांब कापडी पट्ट्या. तशाच दोन काठ्या बांधाच्या कडेला रोवा आणि ५० मीटरवर एक खूण. मुलीने मॅटवर पालथं पडायचं, हातात काही नाही, पुढ्यात वही. सकाळी अर्धा तास. दर मिनिटाला लिहायचं : जवळची कुठे, लांबची कुठे, दोन्ही एका दिशेला की उलट, किती कोनात, किती सेकंद टिकली. आधी नुसतं पाहायचं. महिनाभराने अंदाज बांधायचा, ‘आता पडेल’, ‘आता उठेल’, आणि बरोबर-चूक लिहायचं. वारा एकसारखा वाहत नाही, त्याच्या येरझाऱ्या असतात, आणि मॅचमध्ये नेमबाज एकच झेंडी-स्थिती निवडून ती परत येईपर्यंत थांबतो, मग दोन-तीन शॉट पटापट सोडतो. ते थांबणं शिकवता येत नाही. पडून पडून येतं. बागायतदाराच्या घरातल्या मुलीला तर हे अर्धं येतच असेल. फवारणी कधी थांबवायची ते तुमचा भाऊ पानं बघून सांगतो, ती त्याचीच पुतणी.

एक विचारायचं राहिलं. एवढ्या लांब पत्रात सरांचं मत आहे, भावाचं आहे, पत्नीचं ‘नाही’ आहे, तुमची धास्ती आहे. मुलगी काय म्हणते? तिला ५० मीटर हवंय का? काही मुलांना बंद खोलीतली शांतता आवडते, टार्गेटच्या मधला तो ०.५ मिलिमीटरचा ठिपका आवडतो, आणि ती १० मीटरवरच थोर होतात. अंजली भागवतला जगाने ओळखलं ते आधी एअर रायफलसाठीच. तुमच्या मुलीला एकदा उघड्या रेंजवर नेऊन मारायला द्या आणि परतीच्या बसमध्ये काही विचारू नका. आपणहून बोलली, आणि वाऱ्याबद्दल बोलली, तर पुढचं ठरवू. मला पुन्हा लिहा, जुलैत काय दिसलं तेही कळवा.

आणि झेंड्यांना जुन्या साडीचे तुकडे नकोत, ते श्वास टाकला तरी उडतात. मांजरपाट घ्या, एक मीटर पुरे.